बबल मेलर फ्लॅट की पार्सल? अमेरिकन टपालातला नेहमीचा घोळ

प्रश्न थोडक्यात असा: "मी न्यू जर्सीत राहते. घरी कानातली करून विकते आणि ६ बाय १० इंचांच्या पिवळ्या बबल मेलरमधून, म्हणजे आतून फुग्यांचं अस्तर असलेल्या पाकिटातून, पाठवते. मागच्या महिन्यात काउंटरवर लार्ज एन्व्हलपचा दर लागला. परवा पाकीट तेच, वजन तेच, तरी पार्सलचे पैसे घेतले. क्लार्क म्हणाली, हे फ्लॅट होत नाही. मग पॅडवालं पाकीट नक्की कशात मोडतं?"

आधी उत्तर देतो, मग पाल्हाळ लावतो. पॅडवालं पाकीट असा काही वर्ग फर्स्ट क्लास मेलमध्ये, म्हणजे पत्रांच्या नेहमीच्या सेवेत, नाहीच. पोस्टकार्ड सोडलं तर तिथे दोनच घरं आहेत, लेटर आणि फ्लॅट. फ्लॅटलाच काउंटरवर लार्ज एन्व्हलप म्हणतात. या दोन्हींत जे बसत नाही ते पार्सल. पाकिटाला आतून फुगे आहेत का, हे नियम कुठेच विचारत नाही. माल भरून, चिकटवून, पत्ता घालून तयार झालेली वस्तू केवढी आहे, किती जाड आहे, वाकते का आणि सगळीकडे साधारण सारखी जाड आहे का, एवढंच तो बघतो. म्हणून दुकानातून आणलेल्या एकाच गठ्ठ्यातलं एक पाकीट फ्लॅट ठरतं आणि दुसरं पार्सल, आणि दोन्ही क्लार्क बरोबर असू शकतात. मी पैजेवर सांगतो, परवाच्या पाकिटात एक तर झुमके होते, नाहीतर डबी होती.

मी वीसेक वर्षं हेच काम करतोय. आधी एका कॉलेजच्या मेलरूममध्ये होतो, नंतर लहान दुकानदारांचा माल पाठवून द्यायचा स्वतःचा धंदा सुरू केला. हा घोळ जन्मला तेव्हा मी तिथेच उभा होतो म्हणा ना. १४ मे २००७ च्या आधी फर्स्ट क्लासला औंस मोजले की काम झालं. तीन औंसांचं चपटं पाकीट आणि तीन औंसांचं गाठोडं यांना जवळपास सारखंच तिकीट लागायचं. त्या दिवशी साध्या पत्राचं तिकीट ४१ सेंट झालं, ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं. त्याच दिवशी दर आकारावर ठरायला लागले, ते फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. सूचनेचा कागद माझ्या टेबलावर पडून होता, मी वाचला नव्हता. त्याच आठवड्यात प्लास्टिकच्या कडक डब्यांतल्या सीड्या बबल मेलरमध्ये घालून, जुन्या हिशेबानं तिकिटं लावून पोतंभर पाठवल्या आणि त्या कमी तिकिटाचा शिक्का घेऊन परत आल्या. प्रत्येक पाकीट वजनाला बरोबर होतं. चुकलं होतं ते एवढंच, की ती डबी वाकत नव्हती.

आकारावर दर का, हे एकदा कळलं की पुढचे सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत. टपाल माणसं वाटतात, पण निवडतात यंत्रं. लेटरचं यंत्र वेगळं, फ्लॅटचं वेगळं. फ्लॅट निवडणारं एएफएसएम १०० नावाचं यंत्र तासाला १७,००० च्या आसपास नग घेतं. तिथे पाकीट पट्ट्यांच्या मध्ये धरलं जातं, वळणावरून सुळकन जातं आणि आपल्या खणात पडतं. मध्येच टेंगूळ असलेलं पाकीट पट्ट्यांत नीट धरलं जात नाही. न वाकणारं पाकीट वळणावर अडतं किंवा फाटतं आणि मागच्या शंभर पाकिटांची वाट लावतं. अशा वस्तूला वेगळ्या वाटेनं न्यावं लागतं, ती वाट महाग आहे, म्हणून दर महाग. तुमचे झुमके यंत्राच्या नजरेनं बघा, क्लार्कचा राग येणार नाही.

आता मापं. लेटर म्हणजे लांबी ११.५ इंच, उंची ६ १/८ इंच आणि जाडी पाव इंच, याच्या आत. वजन ३.५ औंसांपर्यंत. यातलं एक जरी माप ओलांडलं की ते लेटर राहत नाही. फ्लॅटची कमाल मर्यादा १५ बाय १२ इंच, जाडी पाऊण इंच, वजन १३ औंस, म्हणजे सुमारे ३६८ ग्रॅम. लेटरच्या मापाचं पण ३.५ औंसांच्या वर गेलेलं पाकीटही फ्लॅटचाच दर भरतं.

इथे एक गोष्ट बरेच जण चुकवतात. फ्लॅट मोठंच असावं लागतं असं नाही. ४ बाय ८ चा चिमुकला बबल मेलर लांबी-उंचीनं लेटरमध्ये आरामात बसतो. पण रिकामा असतानाच त्याच्या दोन भिंती मिळून पाव इंचाच्या आसपास भरतात. आत काहीही घातलं की जाडीनं लेटर ओलांडलं, आणि फक्त जाडीच्या जोरावर ते फ्लॅट झालं. त्यामुळे बबल मेलर साध्या एका तिकिटावर जाईल ही आशा सोडून द्या. लेटरची जाडी तपासायला काउंटरवर एक साचा असतो, त्याला पाव इंचाची चीर असते. पाकीट त्या चिरेतून गेलं तर लेटर. बबल मेलर त्यातून ढकलून ढकलून पार करणारे महाभाग मी पाहिलेत. काउंटरवर जमतंही एखाद्या वेळी, पण पुढे यंत्रावर ढकलायला तुम्ही नसता.

लेटरला आणखी एक शेपूट आहे. पाकीट लेटरच्या मापात आहे पण कडक आहे, चौरस आहे किंवा आतल्या वस्तूमुळे ओबडधोबड आहे, तर ते यंत्राबाहेरचं लेटर ठरतं आणि वर जादा आकार लागतो. जुलै २०२५ मध्ये साधं लेटर ७८ सेंट, हा जादा आकार ४९ सेंट आणि एक औंसाचं फ्लॅट १.६३ डॉलर होतं. दर दरवर्षी, कधी वर्षातून दोनदा हलतात, तेव्हा आकड्यांपेक्षा त्यांच्यातलं अंतर बघा. लेटर ते फ्लॅट ही एक पायरी आहे. फ्लॅट ते पार्सल हा जिना आहे, लहानशा वस्तूलासुद्धा तीन-चार पट पैसे पडतात. म्हणून सगळी भांडणं याच जिन्यावर होतात.

या जिन्यावर दोन पहारेकरी उभे आहेत. एक सारख्या जाडीचा, दुसरा लवचिकपणाचा. पाऊण इंच आणि १३ औंस सगळ्यांना ठाऊक असतात. अडतात ते या दोघांपाशी.

सारख्या जाडीचा नियम असा: पाकिटावर हात फिरवला तर उंचवटे लागले तरी चालतील, पण त्यांच्यामुळे जाडीत पाव इंचापेक्षा जास्त फरक पडता कामा नये. सगळ्यात जाड जागेची जाडी वजा सगळ्यात पातळ जागेची जाडी, उत्तर पाव इंचाच्या आत. एक सवलत आहे. माल कडेपर्यंत पोचत नसेल, तर चारी बाजूंची एकेक इंचाची पट्टी या हिशेबातून वगळतात. चिकटवलेली, चपटी झालेली कड धरून फरक काढला असता तर एकही बबल मेलर पास झाला नसता.

तुमचं पाकीट समोर ठेवून बघू. ६ बाय १० मधून चारी बाजूंनी एक इंच काढला की उरतो ४ बाय ८ इंचांचा मधला भाग. पहिल्या खेपेला टॉप्स कार्डावर टोचून, कार्ड पाकिटात सरकवलं असेल. मधोमध थोडासा उंचवटा, बोटभरही नाही. फरक पाव इंचाच्या आत, फ्लॅट. परवा डबी घातली असेल. डबी दोन इंचांची, उंची समजा पाऊण इंच. डबीवर पाकीट इंचभर जाड, डबीच्या शेजारी पाव इंच. फरक पाऊण इंच. मुळात जाडीच पाऊण इंचाच्या पुढे गेली, तिथेच निकाल लागला. डबी अर्ध्या इंचाची असती तरी पाऊण वजा पाव, फरक अर्धा इंच, म्हणजे पार्सलच. वजन दोन्ही वेळा दोन औंस असेल, त्याचा इथे काही संबंध नाही.

यावर लोक जो उपाय करतात तोच दुसऱ्या पहारेकऱ्याच्या हातात सापडतो. जाडी सारखी करायची म्हणून पाकिटाएवढा जाड पुठ्ठा घालतात, कुणी लाकडी पट्ट्या घालतात, एका गृहस्थांनी तर पाकीट डब्यांनीच गच्च भरलं होतं. जाडी छान सारखी झाली, पाकीट विटेसारखं कडक झालं. इकडे आड, तिकडे विहीर. डब्यांबाबत नियम स्पष्टच आहे: खोकं फ्लॅट होत नाही, त्याला घड्या किंवा बिजागऱ्या असल्या तरी नाही, आणि खोक्यांनी गच्च भरलेलं पाकीटही फ्लॅट होत नाही.

लवचिकपणाची परीक्षा घरच्या टेबलावर करता येते. पाकिटाची लांब बाजू टेबलाच्या कडेला समांतर ठेवा आणि अर्धं पाकीट कडेबाहेर काढा. बाहेरच्या कडेपासून एक इंच आत, लांबीच्या मध्यावर बोटानं सावकाश दाबा. न मोडता, न चुरगळता निदान एक इंच खाली वाकलं पाहिजे. नाही वाकलं तर फ्लॅट नाही. वाकलं आणि आत कडक वस्तू नाही, तर परीक्षा संपली. आत कडक काही असेल तर पुढचा पेपर आहे. आता पाकीट आडवं फिरवा, म्हणजे लांबी कडेला काटकोनात. १० इंच किंवा जास्त लांबीचं पाकीट ५ इंच बाहेर काढून दाबायचं, दोन्ही टोकांनी दोन-दोन इंच वाकायला हवं. १० इंचांपेक्षा लहान असेल तर अर्धं बाहेर काढायचं आणि दोन्ही टोकं एकेक इंच वाकली तरी चालतात. तुमचं पाकीट बाहेरून मोजलं तर १० इंचांच्या वर भरेल, म्हणजे मोठा पेपर.

ही परीक्षा ग्राहकाला स्वतः करून दाखवता येते, हे फार थोड्यांना माहीत असतं. तुम्ही क्लार्कसमोर पाकीट वाकवून दाखवलंत आणि तिनं ते पाहिलं, तर तिला पुन्हा ते करावं लागत नाही. मी कित्येकदा दाखवलंय. मागे रांग असताना हे करणं जरा नाटकी वाटतं, पण वाद घालण्यापेक्षा झटपट होतं. आणि आपल्या मालाचा दागिना आपल्या हातानं दाबलेला बरा. दुसऱ्यानं दाबून खडा निखळला तर कुणाला सांगणार?

माझी स्वतःची रीत सांगतो. नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्याचा पुठ्ठा असतो तसा पातळ पुठ्ठा घ्या, पाकिटात सहज सरकेल असे दोन तुकडे कापा. पाव इंच जाडीचा मऊ फोम त्याच मापाचा कापा आणि फोमच्या मधोमध कानातल्यांच्या आकाराची खिडकी पाडा. खालच्या पुठ्ठ्यावर कानातली टोचून चपटी बसवा, वर खिडकीवाला फोम, त्यावर दुसरा पुठ्ठा, कडेला दोन ठिकाणी टेप. फोम आजूबाजूची जागा उचलून धरतो, त्यामुळे कानातल्यांचा उंचवटा वेगळा जाणवत नाही, आणि पातळ पुठ्ठा व फोम दोन्ही वाकतात. सगळं मिळून अर्ध्या इंचाच्या थोडं वर जातं, पाऊण इंचाच्या आत राहतं. एका फोमबोर्डात पाऊण इंचाची चीर कापून मी ती टेबलाशी टांगून ठेवलीय. प्रत्येक पाकीट तिच्यातून अलगद गेलं पाहिजे. अडकलं तर उघडून पुन्हा बांधतो. झुमके मात्र या रीतीनं जात नाहीत. घुमटाकार झुमका अर्ध्या इंचापेक्षा मोठा असला की त्याला चपटं करायचा नाद सोडा, पार्सल करा.

खरं सांगायचं तर विकलेल्या मालाला मी फ्लॅटचा आग्रह धरतच नाही. फ्लॅटला ट्रॅकिंग मिळत नाही. पाकीट पोचलं की नाही हे तुम्हाला कळणार नाही आणि गिऱ्हाईकानं "मिळालं नाही" म्हटलं तर तुमच्या हातात काही पुरावा नाही. ग्राउंड ॲडव्हान्टेज ही पार्सलची सेवा ९ जुलै २०२३ ला सुरू झाली. आधीचं फर्स्ट क्लास पॅकेज तिच्यातच विलीन झालं. तिच्यात ट्रॅकिंग आणि १०० डॉलरपर्यंतचा विमा दरातच येतो. चाळीस डॉलरची कानातली पाठवताना चार-पाच डॉलर वाचवून झोप घालवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. काउंटरवर न जाता ऑनलाइन लेबल, म्हणजे आधीच पैसे भरून घरी छापलेली पत्त्याची चिठ्ठी, घेतलंत तर व्यावसायिक दर लागतो, तोही काउंटरपेक्षा स्वस्त पडतो. फ्लॅट ठेवा ते नमुन्यांसाठी, बदलून द्यायच्या एका टॉप्ससाठी, भेटकार्डासोबतच्या लहान वस्तूंसाठी, हरवलं तरी चालेल अशा सगळ्यासाठी. आणि अमेरिकेतल्या अमेरिकेत जाणाऱ्या राखीसाठी. राखी चपटी असते, मऊ असते, वाकते. गोंड्यात मोठा मणी नसेल तर आदर्श फ्लॅट. साध्या कागदी पाकिटातही जाते, पण मग मण्याच्या जागी पाकीट यंत्रात फाटतं आणि भावाच्या हातात नुसतं रिकामं पाकीट पडतं. बबल मेलरचा खरा उपयोग तिथे आहे.

ऑनलाइन लेबल घेताना "पॅडेड एन्व्हलप" किंवा "थिक एन्व्हलप" असा पर्याय दिसतो आणि गोंधळ आणखी वाढतो. ते पार्सलच्याच दरात मोडणारं पॅकिंगचं वर्णन आहे. ते निवडलं म्हणून लार्ज एन्व्हलपचा दर मिळत नाही. वजन किंवा माप चुकीचं टाकलंत तर वाटेतली यंत्रं ते पकडतात आणि फरक तुमच्या लेबलच्या खात्यातून वळता होतो. तिकिटं लावून पाठवलेल्या कमी दराच्या पाकिटाचं मात्र जुन्या पद्धतीनंच होतं: एक तर परत येतं, नाहीतर पाकीट घेणाऱ्याच्या दारात पैसे मागितले जातात. गिऱ्हाईकाला हे दुसरं झालेलं मी एकदा पाहिलंय, त्यानं पुन्हा काही मागवलं नाही.

"पॅडेड" हा शब्द दराच्या तक्त्यात खरोखर असतो तो प्रायॉरिटी मेल या जलद सेवेत. तिथे पॅडेड फ्लॅट रेट एन्व्हलप नावाचं टपाल खात्याचं स्वतःचं पाकीट आहे, साडेनऊ बाय साडेबारा इंचांचं. पाकीट फुकट असतं, घरबसल्या मागवता येतं. ७० पौंडांपर्यंत काहीही घाला, दर एकच. गंमत बघा, नावात "फ्लॅट" आहे, पण तो फ्लॅट म्हणजे ठरलेला दर, चपटं पाकीट नव्हे. त्याला पाऊण इंचाची अट लागू नाही, वाकण्याची नाही, सारख्या जाडीची तर नाहीच. अट एकच आहे: झाकण त्याच्या नेहमीच्या घडीवर बंद झालं पाहिजे. वरून मजबुतीसाठी टेप लावा, पण पाकीट कापून, बाजू उघडून, जोड लावून मोठं करायचं नाही. पितळी समई पाठवायची असेल तर हे पाकीट उत्तम. दोन औंसांच्या कानातल्यांना ते वापरणं म्हणजे मुंगी मारायला तोफ. हे पाकीट आतली बाजू बाहेर काढून साध्या पार्सलला वापरायची युक्ती काही जण सुचवतात, ती करू नका. प्रायॉरिटीचं पाकीट कसंही फिरवलं तरी प्रायॉरिटीचेच पैसे लागतात.

जड पण लहान मालाला आणखी एक वाट आहे, घनफळावरचा दर. तो व्यावसायिक लेबलांवरच मिळतो. तिथे पॅडवाल्या पाकिटांना स्वतःची मोजणी आहे आणि ती चक्क उदार आहे. पाकीट रिकामं, सपाट असताना लांबी अधिक रुंदी मोजतात. भरल्यावर ते किती फुगतं हे विचारत नाहीत. बेरीज ३६ इंचांच्या आत, कुठलीही बाजू १८ इंचांच्या आत, वजन २० पौंडांपर्यंत. तुमच्या ६ बाय १० ची बेरीज १६, म्हणजे सगळ्यात लहान गट. चांदीची नाणी, पितळी निरांजनं, जड पदकं असला माल असेल तर वजनाच्या दराशी ताडून बघा. दोन औंसांच्या मालाला यातून काही मिळत नाही.

पुस्तकं पाठवणाऱ्यांसाठी मीडिया मेल आहे. तिथे आकाराचा प्रश्नच येत नाही, वजनावर दर. पॅडवालं पाकीट वापरा की खोकं, सारखंच. पण आपल्याकडच्या लोकांचा एक खड्डा सांगून ठेवतो. दिवाळी अंक मीडिया मेलनं पाठवू नका. त्या सेवेत जाहिराती असलेला मजकूर चालत नाही, आणि जाहिराती नसलेला दिवाळी अंक मी अजून पाहिलेला नाही. कादंबरी चालेल, कवितासंग्रह चालेल, अंक नाही. आत काय आहे ते उघडून बघायचा त्यांना हक्क आहे. उलट अंक हा फ्लॅटसाठी जणू बेतलेला असतो: आयताकृती, एकसारखा जाड, मस्त वाकणारा. फक्त तराजूवर ठेवा. जाडजूड अंक बबल मेलरसकट १३ औंसांच्या पुढे जाऊ शकतो. अशा वेळी बबल मेलर काढून साधं मजबूत कागदी पाकीट घेतलं की अर्धा-पाऊण औंस वाचतो, आणि अंकाला फुग्यांची गरज तशीही नसते. मेलर घेताना बाहेरचं मापही बघून घ्या. बाजारात ५ नंबरचा मेलर साडेदहा बाय सोळा इंचांचा असतो, फ्लॅटची मर्यादा पंधरा. रिकामा असतानाच तो नापास.

तिकिटं लावलेलं पाकीट कुठे टाकायचं, यालाही माप आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून, तिकिटं लावलेली वस्तू अर्ध्या इंचापेक्षा जाड किंवा १० औंसांपेक्षा जड असेल तर ती रस्त्यावरच्या निळ्या पेटीत टाकता येत नाही, काउंटरवर माणसाच्या हातात द्यावी लागते. हा सुरक्षेचा नियम आहे, दराचा नाही. वर सांगितलेला माझा फोमवाला जुगाड अर्ध्या इंचाच्या वर जातो, म्हणजे तिकिटं बरोबर असली तरी पेटीत टाकलात तर परत येईल. ऑनलाइन लेबल लावलेल्या पार्सलला ही अट नाही.

परदेशी टपालाचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण राखीचा विषय निघालाय म्हणून सांगतो. २१ जानेवारी २०१८ पासून अमेरिकेबाहेर जाणाऱ्या लेटर आणि फ्लॅटमध्ये फक्त कागदपत्रं चालतात. वस्तू असली, मग ती चार ग्रॅमची राखी का असेना, ती आंतरराष्ट्रीय पॅकेज म्हणून जाते, कस्टमच्या फॉर्मसकट. तिथे वाकवून दाखवण्याचा काही उपयोग नाही, प्रश्न आकाराचा नसून आतल्या वस्तूचा आहे. मापं मात्र सारखीच दिसतात. जागतिक टपाल संघाच्या मोठ्या पत्राची कमाल मर्यादा ३८१ बाय ३०५ बाय २० मिलिमीटर आहे. इंचात काढून बघा, १५ बाय १२ आणि जवळजवळ पाऊण इंच. अमेरिकन फ्लॅटच.

आता परवाच्या पाकिटाचं. ते पार्सल ठरलं ते बरोबरच ठरलं असणार, त्यासाठी पुन्हा काउंटरवर जाऊन भांडू नका. टॉप्स आणि लहान बाळ्या चपट्या कार्डावर ठेवा, डबी लागलीच तर ती वेगळी, घडी केलेली, सपाट पाठवा. गिऱ्हाईक घरी उभी करेल. झुमके, मोठ्या कुड्या आणि वीस डॉलरच्या वरचं काहीही सरळ ग्राउंड ॲडव्हान्टेजनं काढा आणि तो खर्च किमतीत धरा. आणि एक स्वस्त प्लास्टिकची पट्टी घेऊन तिच्यावर पाव, अर्धा आणि पाऊण इंचाला नखानं खूण करून ठेवा. पाकीट बंद केल्यावर ती आधी मालाच्या मधोमध उभी धरायची, मग कडेपासून इंचभर आत.